चोरचोळी

हिवतापानं गोजरबाईचं पार पाणी पाणी केलं, पण तिची मोजणी काही चुकली नाही. दोन महिने बाई खाटेवर पडून होती. केस मूठमूठ गळाले, तोंडाची चव गेली, तापात धाकट्या मुलाला थोरल्याच्या नावानं हाका मारल्या. आणि एवढं होऊनसुद्धा, या दोन महिन्यांत धाकटी सून सोनूबाई एकदाही बाजूला बसली नाही, हे तिनं बरोबर टिपलं. धन्य ती बाई! यमाच्या दारात उभी राहूनही सुनांचे दिवस मोजत होती.

आता सोनूबाई बसली नाही याला कारण अगदी साधं होतं. थोरली जाऊ चतुराबाई चारी पोरं घेऊन भावाच्या लग्नाला माहेरी गेली ती तिकडंच रमली. इकडं सासू फणफणलेली, दोघं भाऊ वावरातून भुकेले येणार, दारात तीन दुभती जनावरं. सोनूबाईनं चूल सोडून चार दिवस पडवीच्या कोपऱ्यात बसायचं म्हटलं तर भाकरी टाकायच्या कुणी? ती बसली नाही. तापातल्या म्हातारीला काय कळतंय, असं तिला वाटलं.

ताप उतरला, गोजरबाई उशाशी टेकून बसली, पेज प्यायली आणि पहिला प्रश्न विचारला, "सोने, कितवा चालू हाय गं?"

त्याच घटकेला सोनूबाईनं 'काही न्हाई आत्याबाई' म्हणायला पाहिजे होतं. तीन शब्दांचं काम. पण शब्द फुटले नाहीत, तिनं मान खाली घातली. आणि आमच्या पूर्णेकाठी या प्रश्नाला बाईनं मान खाली घातली की उत्तर मिळालं. म्हातारीनं दोन्ही हात जोडले अन् आढ्याकडं बघून लहान पोरासारखी रडली.

या गोष्टीला आज आठ दिवस झाले होते. तिसरा लागला म्हणून आज चोरचोळी होती. गाजावाजा न करता, घरच्या घरी, हिरवी चोळी घालून ओटी भरायची. पण गोजरबाईचं 'घरच्या घरी' म्हणजे लेक नंदाबाई जाफराबादेहून बैलगाडीनं सकाळीच हजर, हातात हिरवा खण. चतुराबाई कालच माहेराहून परतलेली. आणि थोरला मुलगा काकासाहेब पटका बांधून ओसरीवर येरझाऱ्या घालत होता, कारण जेवण झालं की त्याला निघायचं होतं. जालन्यापर्यंत गाडी, पुढं सरकारी मोटार, आणि शहागडला जाऊन एका बापाला सांगायचं, की आमच्या बद्रीनाथाला तुमची पोरगी आता नको.

कारण गोजरबाईनं दिवाळीआधीच धाकट्या बद्रीनाथासाठी, सोनूबाईच्या नवऱ्यासाठी, दुसरी बायको बघून ठेवली होती. तेरा वर्षं वाट पाहिली, आणखी किती पाहायची? सुपारी फुटायची तेवढी राहिली होती.

"आई, चपला खायला धाडून राह्यली तू मला," काकासाहेब म्हणाला.

"खा दोन," गोजरबाई हसत म्हणाली. "पुतन्यासाठी खा. बिघडलं काय?"

इतकी हसलेली तिला घरानं नवऱ्याच्या माघारी पाहिली नव्हती.

*

चतुराबाई मात्र कालपासून हसली नव्हती. परसात सोनूबाई एकटी हरभऱ्याची डाळ पाखडत होती, ते बघून ती तिच्यासमोर येऊन बसली. सूप तिच्या हातातून काढून घेतलं.

"तू पाखडायचं न्हाई म्हने. आत्याबाईचा हुकूम हाय."

"द्या हो अक्का."

"सोने." चतुराबाईनं आवाज खाली घेतला. "माझ्याजवळ बी नाटक करती का?"

सोनूबाईनं सांडलेली डाळ वेचायला घेतली.

"तेरा वर्सं आपन त्या कोपऱ्यात पाठीला पाठ लावून बसलो. तुझी फडकी माझ्या फडक्याशेजारी वाळली. रगताचा डाग कितीबी धुतला तरी तांबूस काळा राह्यतो गं. तुझा डाग पिवळा पडायचा."

हळद अन् चुना. सोनूबाईला आईनं शिकवलेलं. कालवलं की लाल भडक होतं, कुणी हात लावून बघत नाही. पण पाण्यात गेलं की हळद पुन्हा हळदच. तेरा वर्षांत हे तिच्या आईच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"कवापासून ठाव हाय तुमाला?"

"पयल्या साली. माझा मधला पोटात राह्यला त्याच्या आधीपासून."

"मंग बोलल्या का न्हाई?"

यावर चतुराबाईनं सुपातले खडे वेचायला घेतले. खोटं कशाला बोला, तिचा यात फायदा होता. सोनूला मूल नाही, म्हणजे सगळी जमीन आपल्या चार पोरांची. तिनं तोंड उघडलं असतं तर सासूनं त्याच वर्षी दुसरी सून आणली असती, तिला पोरं झाली असती, वाटे पडले असते. हे चतुराबाईला पुरतं ठाऊक होतं. पण पडवीच्या त्या कोपऱ्यात महिन्याला चार दिवस सोनू तिचे केस विंचरून द्यायची, तिची दुखरी कंबर चोळून द्यायची, हेही खरंच होतं. यातलं कशापायी गप्प बसलो, हे तिचं तिलाच कधी ठरवता आलं नाही.

"आता माझं ऐक," ती म्हणाली. "चोळी घाल, ओटी घे. भाऊजींची ती शहागडची सोयरीक मोडू दे. येकदा मोडली की ती मानसं परत दारात उभी करनार न्हाईत. मंग चवथ्यात पडलं म्हन. बायांचे पडत न्हाईत का? माझं एक पडलं. रडायचं चार दिस, झालं. वरतून म्हातारी म्हनंल, एकदा राह्यलं म्हंजे परत राह्यतंय. आनखी पाच-सात वर्सं तुझ्या वाटंला कोनी जायचं न्हाई."

"अन् भाकर तुमच्या पोरांच्या ताटात," सोनूबाई म्हणाली.

"पडू दे की. परकी हायेत का ती? तुझ्याच मांडीवर खेळलीत." चतुराबाई जराही लाजली नाही. "तुझं बी भलं, माझं बी भलं. आत्याबाईला काय, तिला बी आठ दिस हसायला मिळालं."

आतून नंदाबाईची हाक आली, "वैनी, पाट मांडला! या जल्दी!"

*

सोनूबाई हात धुवायच्या निमित्तानं रांजणापाशी थांबली. अक्काचं म्हणणं वाईट होतं का? तिला ते वाईट वाटलं नाही, हीच तर पंचाईत होती.

बाराव्या वर्षी लग्न झालं तिचं. सोळावं सरत आलं तरी न्हाण येईना. इकडून महिन्याला निरोप जायचा, पोरगी मोठी झाली का? झाली का? शेवटी आईनं एका पहाटे हळद-चुना कालवला, तिच्या लुगड्याला मागं बोटं पुसली आणि अंगणात जाऊन शेजारणीला हाक मारली. गोजरबाई वाजंत्री घेऊन आली. मखरात बसवलं, फुलांनी मढवलं. सोनूला वाटलं होतं, आज ना उद्या खरंच येईल, मग हे सगळं मागच्या तारखेनं खरं होईल.

दीड वर्षामागं तीच आई तिला गुपचूप जालन्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईनं तपासलं, तिला शेजारी बसवून घेतलं आणि अगदी सावकाश सांगितलं, "मूल जिथं वाढतं ती पिशवी तुझ्या पोटात झालीच नाही. तू स्वतः आईच्या पोटात होतीस तेव्हाच ती घडायची राहून गेली. पुढचा मार्गही आखूड आहे. म्हणून नवऱ्याजवळ गेलं की दुखतं."

"ल्हान असंल," सोनू म्हणाली होती. "वाढंल की."

"नाहीच आहे, तर वाढेल कशी, बाई?"

"मंग मी बाई हाये का न्हाई?"

"पुरी बाई आहेस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि यात तुझा काही गुन्हा नाही."

गाडीत ती वाटभर आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. आई म्हणत होती, माझंच काहीतरी खाण्यात आलं असंल गं, तू पोटात असताना. घरी आल्यावर ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, मला दुखतं. बद्रीनाथानं चकार शब्द काढला नाही. त्या दिवसापासून खोलीतच पलीकडच्या भिंतीशी वेगळं अंथरूण टाकायला लागला.

आणि आता हे आठ दिवस. तिला उचलायला घागर नाही. सासू स्वतः ताटात साय वाढते. गोठ्यात गेली की मागून हाक, हळू चाल गं माये! रात्री कूस बदलताना तिचा हात आपोआप पोटावर जायचा, आणि तिला खरोखर जड वाटायचं. काहीच नाही हे माहीत असूनही जड वाटायचं. काल तर आंबट खावंसं वाटून तिनं चिंच मागितली. खरंच वाटलं होतं तसं. अशा बाईला वेडी म्हणा नाहीतर लबाड म्हणा, तिला स्वतःला दोन्ही म्हणून झालं होतं. पण एक दिवस, फक्त ती हिरवी चोळी अंगात घालायचा एक दिवस, तिला पाहिजे होता.

"सोने, जरा हिकडं ये," आतल्या खोलीतून बद्रीनाथानं हाक मारली.

*

खोलीत तो कापसाच्या गाठोड्यावर बसला होता. वेचणी सोडून आलेला, धोतराला सरकी चिकटलेली. आठ दिवसांत तो तिच्याशी दोन शब्दही बोलला नव्हता. तिला वाटत होतं लाजतोय. लोक अंगावर गुलाल टाकायचेच बाकी होते, कुणीही लाजलं असतं.

"दार लोट," तो म्हणाला. मग धोतराची सरकी वेचत बसला.

"आत्याबाई वाट बघून राह्यल्यात."

"तुला एक सांगायचंय. तू मधी बोलू नको." तो जमिनीकडं बघत होता. "आठ दिस मी गावातल्या एकेका मानसाचं तोंड बघून राह्यलो. कोन असंल? कोन असंल? परवा कुऱ्हाड घेऊन हिरीवर जाऊन बसलो. कोनाला मारायला ते बी ठाव न्हाई. मंग मनाला म्हनलं, बद्रीनाथा, दीड साल झालं तू तिच्याजवळ गेलता का? न्हाई ना. मंग तुझी जबान कोन्त्या तोंडानं चालनार?"

सोनूबाईला आधी कळेचना तो काय म्हणतोय.

"अन् मंग असं वाटलं," बद्रीनाथाचा आवाज चिरकला, "येऊन तर राह्यलंय ना. माझ्या घरात येऊन राह्यलंय. मला बाप म्हनंल. कोनाचं बी असू दे, सोने. मी माझंच म्हनीन. भाऊबंदांत, गावात, कुटंबी म्हनीन. फकस्त मला त्याचं नाव सांगू नको. कदीच सांगू नको."

आता कळलं. कानाखाली कुणी वाजवावी तसं कळलं. या घरातल्या भिंतीआड तेरा वर्षं काढली, बाहेरच्या पुरुषाकडं मान वर करून पाहिलं नाही, आणि या माणसानं आठ दिवस गावातली तोंडं मोजली! तिला मनस्वी संताप आला. आणि त्याच दमात दिसलं की तो मान खाली घालून, कान धरल्यासारखा बसलाय, तिनं फक्त हो म्हणावं म्हणून. गावात कुणी 'अरे' म्हटलं तर लाठी उगारणारा गडी. मूल हवं म्हणून त्यानं सगळी मानमर्यादा गिळली होती.

"कोनी न्हाई," ती म्हणाली.

"म्हनलं ना, मला ऐकायचं—"

"अवो, कोनीच न्हाई! तुमच्याबिगर कोनाचं बोट लागलं न्हाई मला. शपथ घेऊ का?"

बद्रीनाथानं वर पाहिलं. "मंग लेकरू?"

"ते बी न्हाई."

दुसरा कुणी असता तर पहिल्या 'नाही'ला सुटला असता. हा दुसऱ्यापाशी अडकला.

"बिलकुल न्हाई?"

"बिलकुल न्हाई. कदी व्हनार बी न्हाई." आणि मग तिनं सगळं सांगितलं. हळद-चुना सांगितला, डॉक्टरीणबाई सांगितल्या, नसलेली पिशवी सांगितली. भरभर, मधे श्वास न घेता. तो ऐकत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं. त्यानं ते पुसलंही नाही.

बाहेरून गोजरबाई ओरडली, "अगं ये की! काकासाहेबाला निघायचंय!"

"सोने." बद्रीनाथानं तिचं मनगट धरलं. "आजचा दिस राहू दे. आईला उद्या सांगू. आजचा एक दिस घरात लेकरू असू दे की गं."

"मी बी रोज हेच म्हनले," सोनूबाई म्हणाली. "आठ दिस म्हनले. मला माझंच पोट दिसाया लागलंय हो. आज चोळी घातली तर मला परत खरं बोलता यायचं न्हाई."

त्यानं मनगट सोडलं.

*

देवघरासमोर पाट मांडलेला, भोवती रांगोळी. गोजरबाईच्या मांडीवर शिवून तयार झालेली हिरवी चोळी होती. तिला खण तसाच ठेवायचा धीर नव्हता, नंदाबाईकडून घाईघाईनं टाके घालून घेतले होते. सोनूबाई पाटापाशी आली आणि खाली जमिनीवर बसली.

"पाटावर बस गं."

"आत्याबाई, मला दिस गेलेले न्हाईत."

नंदाबाईच्या हातातला कुंकवाचा करंडा तिथंच थांबला.

"तिथी हुकली का? डाग दिसला का?" गोजरबाई घाबरून पुढं सरकली. "पडून राह्य मंग, पाय वर कर—"

"न्हाई आत्याबाई. मला कदी डाग दिसलाच न्हाई. जन्मात न्हाई. मला गर्भाची पिशवीच न्हाई." आणि चूल कुणी पेटवायची म्हणून या दोन महिन्यांत बसले नाही, एवढंही तिनं सांगितलं.

गोजरबाईला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तेरा वर्सं," ती म्हणाली. "दर म्हैन्याला माझा डोळा त्या पडवीकडं. या खेपंला बसू नये, देवा, या खेपंला बसू नये. तू बसली का मी आत जाऊन पदर तोंडात घालून रडायची. पोरीला ऐकू जाऊ नये म्हनून. अन् तू खोटीच बसून राह्यली? मंग मी रडले कशासाठी गं?"

"बसायची मी खोटी," सोनूबाई म्हणाली. "रडायची तर खरीच ना, आत्याबाई. तितंच बसून."

म्हातारीनं तोंड फिरवलं. "काकासाहेबा, शहागडला जा. नको म्हनू नको, व्हय म्हन. माघ सरायच्या आत लगीन. अन् हिला गाडीत घाल, वाटंत माहेरी सोड. फसवनारी मानसं घरात नकोत."

काकासाहेब बायकोकडं बघायला लागला. चतुराबाईनं पदर खोचला. दोन पावलं पुढं आली आणि सोनूच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली.

"मंग मला बी सोडा, आत्याबाई. मला पयल्या सालापासून ठाव हाय. मी बी बोलले न्हाई."

"तू?"

"मी. माझ्या पोरांच्या वावरासाठी बोलले न्हाई म्हना, न्हाईतर हिच्यासाठी. काय बी म्हना."

काकासाहेबानं कपाळाला हात लावला. नंदाबाई रडायलाच लागली. आणि त्या गोंधळात बद्रीनाथ दारातून आत आला. डोळे लाल.

"दादा, शहागडला नको म्हनूनच सांग," तो म्हणाला.

"बद्री, रगताचं लेकरू पायजे घराला!" गोजरबाई कडाडली. "तुझं नाव कोन चालवनार?"

"घटकाभरामागं मी कोनाचं बी लेकरू माझं म्हनाय तयार झाल्तो, आई. कोनाचं बी. देवाशप्पथ." तो सोनूबाईकडं बघत नव्हता. "इतकी हाव हाय मला. मंग दुसरी बायको कशाला? लेकरूच आनू कुटून तरी. अनाथाचं आनू, भाऊबंदातलं आनू. हिच्या मांडीवर ठिवू."

"कोनाचं बी म्हंजे काय रे?" गोजरबाईनं विचारलं.

त्यानं उत्तर दिलं नाही. ते उत्तर एकट्या सोनूबाईला ठाऊक होतं. त्याचा राग तिच्या मनातून अजून गेला नव्हता, इतक्यात जाणारही नव्हता.

"मला लेकरू पायजे," बद्रीनाथ पुन्हा म्हणाला.

"मला नातू पायजे," गोजरबाई म्हणाली. "मी मागनं काय मागून राह्यली जगायेगळं?"

"अन् मला?" सोनूबाई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तुमाला नातू पायजे. यान्ला लेकरू पायजे. घराला वारस पायजे. मला काय पायजे, कोनी इचारलं का तेरा वर्सांत? आत्याबाई, मला बी पायजे होतं. तुमच्या समद्यांहून जास्त पायजे होतं. मला माझ्या पोटात पायजे होतं. लाथ मारनारं, उलट्या करायला लावनारं. मला वांती यावी म्हनून मी पहाटं बोटं घालायची घशात. मला मरायला लागलं असतं तरी चाललं असतं बाळंतपनात." पुढं तिला बोलता येईना. तिनं दोन्ही हात पोटाशी घट्ट आवळले आणि तशीच पुढं वाकली, कपाळ जमिनीला टेकेपर्यंत, आणि मोठ्यानं रडली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं.

मग गोजरबाई उठली. तापानं पायांत बळ नव्हतं, भिंतीला धरून आली, सोनूबाईच्या बाजूला कशीबशी खाली बसली. मग तिनं सुनेचं डोकं उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

"रड," ती म्हणाली. "मला ऐकू येऊ दे."